अंगठ्याखालचा शब्द

ला मोर्तीन्या, ताचिरा
३ मार्च १९६५

बंधू एलिओदोरो यांस,

तार मिळाली असेल. तारेत दहाच शब्द बसतात, म्हणून बाकीचं आता लिहिते.

आई १९ फेब्रुवारीला, शुक्रवारी, सकाळी साडेनऊला गेली. छातीत पाणी झालं होतं. ला ग्रीताहून डॉक्टर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी बॅग उघडलीच नाही. शनिवारी बाबांच्या शेजारी माती दिली. पाऊस नव्हता, धुकं होतं. नऊ दिवसांची जपमाळ रविवारी संपली. प्रार्थना शेजारच्या रोसेंदोंनी सांगितल्या. रोज तीस-चाळीस माणसं होती. कॉफी आणि पाव पुरला.

दोन दिवस तुमची वाट पाहिली. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचाराल, म्हणून लिहिते.

मी तिसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुलं नेहमीसारखी उभी राहून 'देव तुम्हाला चांगला दिवस देवो, बाई' म्हणाली. मी बसा म्हटलं आणि फळ्यावर तारीख लिहिली. नंतर कळलं, कालचीच लिहिली होती. मला अजून रडू आलेलं नाही. लोकांना ते बरं वाटत नाही असं दिसतं. रोसेंदोंची बायको म्हणाली, 'शिकलेल्या बायका आतून रडतात.' मी हो म्हटलं.

आईची टोपी आणि शाल मी ठेवली आहे. जातं शेजारी दिलं. तुमची पत्रं बिस्किटांच्या डब्यात आहेत, एकूण एकोणतीस. ती मी ठेवू की तुमच्याकडे पाठवू, ते कळवा.

तुमची बहीण,
बेलार्मिना


काबीमास
२० मार्च १९६५

बेलार्मिना यांस,

मी सरोवरातल्या तेलविहिरीवर आठ दिवसांच्या पाळीला होतो. तार किनाऱ्यावर कचेरीच्या टेबलावर पडून राहिली. हातात आली तेव्हा आईला माती देऊन आठवडा उलटून गेला होता. बस धरली असती तरी शेवटच्या जपमाळेलाही पोचलो नसतो. हे खरं आहे, आणि यामागे लपणंही मला सोपं गेलं, हेही खरं आहे.

इथे आमच्या टोळीत सगळ्या मुलखांतली माणसं आहेत. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने विचारपूस केली. मार्गारीता बेटावरचा माणूस म्हणाला, 'काय करणार रे पोरा', आणि मासा भाजून आणून दिला. काराकासचा लांबूनच हात वर करतो, रोज करतो तसा, त्याने त्या दिवशी तो अर्ध्यावरच ठेवला. माराकाइबोच्या दोघांनी मिठी मारून मोठ्याने रडून घेतलं. माझ्या आईला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. आपल्याकडे टोपी काढतात, हात पुढे करतात, 'तुमच्या दुःखात सोबत आहे' म्हणतात आणि निघून जातात. तसं कोणी केलं नाही. मला मात्र तेच हवं होतं.

आता एक विचारतो. एकदाच विचारीन.

मी निघालो ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. जून १९५३. तुम्ही दूध गाळत होतात. आई गव्हाच्या आरेपा लाटत होती. मी पिशवी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिलो आणि म्हणालो, 'आशीर्वाद द्या, आई.' तिने लाटणं थांबवलं नाही. मी दुसऱ्यांदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो. मग खाली बसचा भोंगा वाजला. आपल्या डोंगरात बाजाराला बैल घेऊन जाणारा म्हातारासुद्धा आईचं 'देव भलं करो' ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी ओलांडला.

त्यानंतर पत्रातून मी ते कधी मागितलं नाही. तुम्हाला माहीत आहे, पत्रं तुम्हीच तिला वाचून दाखवत होतात. तीनदा मागून मिळालं नाही, चौथ्यांदा मागायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आणि ते न मागता त्या घरात पाय कसा ठेवणार, म्हणून आलोही नाही. मला वाटायचं, वेळ आहे.

शेवटी तिने माझ्यासाठी ते म्हटलं का?

एलिओदोरो


ला मोर्तीन्या
४ एप्रिल १९६५

बंधू एलिओदोरो यांस,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. शेवटचे दोन दिवस आई बोलत नव्हती. बुधवारी संध्याकाळी तिने पाणी मागितलं. त्यानंतर काही म्हणाली नाही. मी जवळच होते.

इथे सगळं ठीक आहे. बटाट्याला माती लावून झाली. रोसेंदो अजून रोज सकाळी कुंपणापाशी थांबून म्हणतात, 'या घरातल्या सगळ्यांना देव चांगला दिवस देवो.' सगळे म्हणजे आता मी आणि कुत्रा. कुत्रा आईच्या बाकाखाली झोपतो. आई त्याला 'तुम्ही बाहेर व्हा' म्हणायची तेव्हा तो जायचा. मी म्हटलं तर जात नाही.

सवय लवकर जात नाही. मी उठते, चुलीपाशी येते आणि 'आशीर्वाद द्या, आई' म्हणून जाते. एक्केचाळीस वर्षं रोज म्हटलेलं आहे. मग आठवतं. मग मी दूध तापवते.

पत्रांच्या डब्याचं तुम्ही काही कळवलं नाही.

तुमची बहीण,
बेलार्मिना


काबीमास
२१ एप्रिल १९६५

बेलार्मिना यांस,

कळलं.

दोन दिवस ती बोलत नव्हती, हे कळलं. त्याआधी बारा वर्षं ती बोलत होती. त्या बारा वर्षांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, त्यावरून तेही कळलं.

डबा पाठवू नका. चुलीत घाला.

एलिओदोरो


काबीमास
३० मे १९६५

बेलार्मिना,

मी चिंका, तुझ्या भावाची बायको. दहा वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही, आता मी लिहितेय. तुला 'तुम्ही' म्हणत बसले तर हे पत्र नाताळपर्यंत संपायचं नाही, म्हणून 'तू'. रागावू नको. तुझ्या भावाने लग्नानंतर सहा महिने मला 'तुम्ही' म्हटलं. 'तुम्ही जेवलात का, तुम्ही दमलात का.' माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, 'काय गं, इतक्यातच अबोला? काय केलंस तू त्याला?'

तुझ्या आईचं ऐकून वाईट वाटलं. मला ती बघायची होती. मी म्हणायची, चला जाऊ, मुलींना आजी दाखवू. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी.

मुद्द्यावर येते. आमच्या दोन मुली आहेत, लेसबिया आठ वर्षांची, मारेल्बा पाचाची. आमच्या इथे पोरं सगळ्यांकडे आशीर्वाद मागतात. आजी, मावशी, धर्ममाता, समोरची म्हातारी. पोरगी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येते ती आठ जणांचे आशीर्वाद घेऊन येते, आणि साखर विसरून येते. तुमच्याकडे हळू आवाजात मागतात म्हणे. आमच्याकडे गल्लीच्या त्या टोकावरून ओरडून मागतात आणि या टोकावरून ओरडून देतात. पण मागतात सगळीकडे आणि देतात सगळे.

तुझा भाऊ देत नाही.

मुली रोज सकाळी म्हणतात, 'आशीर्वाद द्या, पप्पा.' तो डोक्यावरून हात फिरवतो आणि गप्प बसतो. आधी मला वाटलं, डोंगरातला माणूस, लाजत असेल. मग एकदा मी भांडले. म्हटलं, दोन शब्द आहेत, जीभ झिजते का तुझी? तो म्हणाला, 'माझ्या खिशात नाही ते मी कुठून काढून देऊ?' तेव्हा त्याने मला त्या सकाळचं सांगितलं, लाटण्याचं आणि भोंग्याचं. त्यानंतर मी कधी बोलले नाही.

एप्रिलमध्ये तुझं पत्र आलं. तेव्हापासून तो डोक्यावर हातही ठेवत नाही. मुली म्हणतात, तो बूट घालत राहतो, मुली जातात. मारेल्बाने मला विचारलं, पप्पांना ऐकू कमी येतं का?

२६ सप्टेंबरला लेसबियाचं पहिलं कम्युनिअन आहे. त्या सकाळी चर्चला निघण्याआधी मुलगी पांढऱ्या झग्यात आईबापापुढे गुडघे टेकते आणि आशीर्वाद मागते. अख्खी गल्ली बघायला येते. तुझ्या भावाने सांगून टाकलंय, त्या दिवशी तो पाळी बदलून घेऊन विहिरीवर जाणार.

बेलार्मिना, तू त्या घरात होतीस. तुझ्या आईने बारा वर्षांत एकदा तरी, झोपेत का होईना, त्याचं भलं म्हटलं असेल. असेल तर त्याला लिही. नसेल तरी लिही. मला खोटं चालेल. मी हे पत्र लिहिलंय हे त्याला सांगितलं तरी चालेल.

चिंका


ला मोर्तीन्या
१३ जून १९६५

बंधू एलिओदोरो यांस,

तुमच्या पत्नीचं पत्र आलं. त्यांनी मला 'तू' म्हटलं आहे. मला आजवर कोणी 'तू' म्हटलं नव्हतं. ते पत्र मी दोनदा वाचलं. वाईट वाटलं नाही.

त्यांनी लिहिलं आहे की खोटं चालेल. मी खरं लिहिते. ते मी मार्चमध्येच लिहायला हवं होतं. मार्चमध्येच काय, बारा वर्षांपूर्वीच.

तुमचं पहिलं पत्र नोव्हेंबर १९५३ मध्ये आलं. आई हात पुसून बाकावर बसली. मी पत्र उघडलं. त्यात होतं, 'आई, मी इथे बरा आहे.' मी वाचलं, 'आशीर्वाद द्या, आई. मी इथे बरा आहे.' ठरवून केलं नाही. मुलाचं पत्र असंच सुरू होतं, म्हणून तोंडातून तसंच आलं. आई उठून उभी राहिली. तिने उजवा हात वर करून कागदावर क्रूस काढला आणि म्हणाली, 'देव माझ्या लेकराचं भलं करो.' मग विचारलं, 'कुठे लिहिलंय ते?'

तिला अक्षर येत नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. मी सगळ्यात वरच्या, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. तिथे तुम्ही 'काबीमास' लिहिलं होतं.

त्यानंतरच्या अठ्ठावीस पत्रांत मी तेच केलं. प्रत्येक वेळी ती उभी राहिली. रविवारी दुपारी ती डबा काढायची, पत्रं मांडीवर घ्यायची आणि एकेका पत्राच्या पहिल्या शब्दावर अंगठा ठेवून उत्तर द्यायची. सगळी पत्रं झाल्याशिवाय डबा बंद करायची नाही. आजारी पडली तेव्हा डबा बिछान्यावर असायचा. शेवटचा रविवार १४ फेब्रुवारी होता. सगळी झाली नाहीत, सहा-सात झाली.

दारातल्या त्या सकाळबद्दल मी तिला एकदाच विचारलं. ती म्हणाली, 'दिला असता तर ते गेले असते.' तिला वाटलं होतं, आशीर्वादाशिवाय आपल्याकडे कुणाचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, तर आपण गप्प राहिलो की तुम्ही पिशवी खाली ठेवाल. त्या दिवशी तिने नेहमीसारख्या तिघांच्या आरेपा लाटल्या. तुमची तव्यावर होती. भोंगा वाजला आणि पावलं खाली गेली तेव्हाही तिने ती उलटली. ती जळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.

आता जे मला अवघड जातं ते लिहिते.

प्रत्येक उत्तर लिहायला बसले की ती सांगायची, 'सगळ्यात वर लिहा, देव माझ्या लेकराचं भलं करो.' मी मान हलवायची आणि लिहायची नाही. पहिल्यांदा वाटलं, तुम्ही उलट लिहाल, 'मी मागितलंच नव्हतं,' आणि मी खोटं वाचलं हे तिला कळेल. पण मी ते गाळून वाचू शकले असते. मला तेव्हाही ते कळत होतं.

मी रोज सकाळी तिच्याकडे आशीर्वाद मागत होते. ती रोज देत होती, पाठमोरी, दूध उतू जाऊ नये म्हणून भांड्याकडे बघत. तुमच्या कागदासाठी ती उठून उभी राहायची. हेच कारण होतं की नाही, मला सांगता येत नाही. लिहून झाल्यावर वाचलं तर कारण असावं असं दिसतं.

तुम्ही स्पष्ट विचारलंत, तेव्हा एप्रिलच्या पत्रातही मी दोन दिवसांचं लिहिलं आणि बारा वर्षांचं लिहिलं नाही. मग ते पत्र टपालात टाकून मी शाळेत गेले.

डबा मी चुलीत घातला नाही. सोबत त्यातलं एक पत्र पाठवते, फेब्रुवारी १९५८ चं. सगळ्यात वर, तारखेच्या आधी, बघा. तिथे तुमच्या हाताने लिहिलेला शब्द होता. आता नाही. कागद तेवढ्याच जागी पातळ झाला आहे. बाकीची अठ्ठावीसही अशीच आहेत.

बेलार्मिना


काबीमास
४ जुलै १९६५

बेलार्मिना यांस,

पत्र मिळालं. आतलंही मिळालं.

तुमच्याकडे शाई होती, टाक होता. तुम्ही रोज चाळीस मुलांना लिहायला शिकवत होतात. एक ओळ लिहायची होती. त्या ओळीवर मी त्याच आठवड्यात बसमध्ये बसलो असतो. आई मला पाहून गेली असती. माझ्या मुलींना पाहून गेली असती.

आता मला तुमच्याशी काय बोलावं ते कळत नाही. म्हणून थांबतो.

एलिओदोरो


ला मोर्तीन्या
२५ जुलै १९६५

बंधू एलिओदोरो यांस,

तुमचं पत्र मिळालं. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे.

शाळेला सुट्टी लागली. बटाटे काढायला सुरुवात झाली आहे. कुत्रा आता माझ्या सांगण्यावरून बाहेर जातो.

बेलार्मिना


काबीमास
२८ सप्टेंबर १९६५

बेलार्मिना यांस,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो की राग यायचा आणि कागद संपायचा.

तुम्ही पाठवलेलं पत्र मी कामाच्या पेटीत ठेवलं होतं. दुपारी जेवताना काढून बघायचो. मी जोडारी काम करतो, पत्रा कुठे घासून पातळ झालाय ते मला बोटाला कळतं. एका दिवसात कागद असा होत नाही. मार्गारीतावाल्याने विचारलं, काय बघतोस रे रोज? मी त्याला दाखवलं. त्याने आधी हात पँटला पुसले, मग कागद धरला. आईचा अंगठा आहे म्हटलं. तो म्हणाला, 'मग तू कसला रडतोस, तुझं तर सगळं आलेलं आहे, पत्ता तेवढा चुकला.' मी रडत नव्हतो, धूर होता. तरी त्याचं बोलणं डोक्यात राहिलं.

मी ठरवलं, मुलींना आता द्यायचं. पण सकाळ झाली की तोंड उघडायचं नाही. ऑगस्ट असाच गेला.

सहा सप्टेंबरला, सोमवारी, मी बूट घालत होतो. लेसबिया दप्तर घेऊन माझ्यासमोरून गेली आणि जाता जाता म्हणाली, 'आशीर्वाद द्या, पप्पा.' मी मान वर केली तोवर ती दाराबाहेर होती. ती थांबली नव्हती. थांबतच नाही. उत्तर येत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून ती ते चालता चालता म्हणून टाकते, दिवा विझवावा तसं. मी त्या दिवशी आईसमोर तीनदा उभा राहिलो होतो. माझी मुलगी एकदाही उभी राहत नाही.

मी तसाच पळालो. एका पायात बूट होता. गल्लीतली सगळी माणसं दारात होती. समोरची म्हातारी ओरडली, 'काय रे एलिओदोरो, घर पेटलं का?' लेसबिया दुकानापर्यंत गेली होती. मी तिला खांद्याला धरून वळवलं आणि मला धाप लागली होती तरी म्हणालो, 'देव माझ्या लेकराचं भलं करो.' इथे लोक 'देव तुझं भलं करो' म्हणतात. माझ्या तोंडून आईचं आलं.

तिने दप्तर चाचपलं. मग म्हणाली, 'पप्पा, मी घरी काही विसरले का?'

मी म्हणालो, नाही, तुम्ही जा. शाळेला उशीर होईल.

परत आलो तर मारेल्बा दारात उभी होती. म्हणाली, 'आणि मला?' चिंका आत भांडी आपटत होती. ती रडत असली की भांडी आपटते.

परवा रविवारी, लेसबियाच्या कम्युनिअनला, मी पाळीवर गेलो नाही.

राग अजून आहे. तो आहे हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहितो. पण त्या गल्लीत मी पळत होतो तेव्हा एक कळलं. आई गेल्यापासून तुम्ही सकाळी चुलीपाशी ते म्हणता आणि उत्तर येत नाही, असं तुम्ही एप्रिलमध्ये लिहिलं होतं. मी तेव्हा ती ओळ नुसती वाचली होती.

डिसेंबरात मला पंधरा दिवसांची रजा आहे. चिंकाला आणि मुलींना घेऊन यावं असा विचार आहे. मुलींना थंडी माहीत नाही. चिंका म्हणते, ती तुम्हाला 'तू'च म्हणणार.

चर्चमध्ये माझ्या दृढीकरणाच्या विधीला माझ्या पाठीमागे तुम्ही उभ्या होतात. मी नऊ वर्षांचा होतो, तुम्ही अठराच्या. म्हणजे तुम्ही माझ्या धर्ममाता आहात, आणि धर्ममातेकडे आशीर्वाद मागायचा असतो. बारा वर्षं मी पाकिटावर तुमच्या नावापुढे नुसतं 'यांस' लिहीत आलो. पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं ते आता शेवटी लिहितो, कारण सुरुवातीला हात वळला नाही.

आशीर्वाद द्या, बेलार्मिना.

एलिओदोरो


ला मोर्तीन्या
१० ऑक्टोबर १९६५

देव माझ्या लेकराचं भलं करो.

वरची ओळ आधी आईची, मग माझी.

पत्र मिळालं. मी ते मोठ्याने वाचलं, आहे तसं. कुत्रा ऐकत होता.

डिसेंबरात या. घाटात सकाळी धुकं असतं, म्हणून दुपारची बस धरा. मुलींसाठी लोकरीचं काही नसलं तर विकत घेऊ नका, मी विणायला घेतलं आहे. मापं चिंकाकडून कळवा. त्यांना सांगा, 'तू' चालेल.

शनिवारी शाळेतून आल्यावर मला रडू आलं. बराच वेळ आलं. रोसेंदोंच्या बायकोने कुंपणावरून पाहिलं आणि बरं वाटल्यासारखी आत गेली.

मुलींना चढ चढून भूक लागेल. तुम्ही पोचाल तेव्हा मी आरेपा लाटत असेन. दारात उभे राहून मागा, एकदाच मागा. माझे हात पिठात असले तरी तोंड मोकळं असेल.

तुमची बहीण,
बेलार्मिना